ढोलाभोवतीची पहिली फेरी

१० नोव्हेंबर, रविवार

सावळीबाय,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मी नामा, तुझा भाऊ. अक्षर ओळखणार नाहीस, कारण माझं अक्षर तू कधी बघितलंच नाय. सातवीत शाळा सोडली तवापासून सहीपलीकडं मी काय लिहिलेलं नाय. आता कमळाकरदादाच्या हजेरीच्या वहीतली पानं फाडून लिहितोय. दादाला कळलं तर तो माझी हजेरीच फाडेल.

तुला वाचता येतं हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर नऊ वर्षं रेशनवर अंगठा लावलास, आणि त्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या खोपीत जायला लागलीस तशी वर्षभरात जाड पुस्तक वाचायला शिकलीस. भाऊजींची दारू सुटली ती पण तिथूनच. एवढी दोन कामं मला पटली. बाकीचं नाय पटलं, ते तुला ठाऊक आहे.

मी मिझोरामला आहे. नकाशात पार उजव्या अंगाला, शेवटी. विजेचे टावर उभे करायचं काम आहे. कमळाकरदादा आमचा मुकादम, किन्हवलीचा. बाकीची पोरं झारखंडची. आपली बोली बोलणारा मी आणि दादा, दोघंच, आणि दादा बोलतो म्हणजे शिव्याच देतो. "नाम्या, टावर चढतोस का आभाळाला रंग देतोस?" असं खालून ओरडतो. मी सगळ्यात वर असतो. पट्टा कमरेला, पाना हातात. ढग माझ्या खाली असतात. आपला माळशेज इथं कुणाच्या परसात ठेवला तर हरवेल, एवढे डोंगर.

रविवारी काम बंद. गावच काम करू देत नाय. दुकान बंद, रस्ता बंद, कुत्रं पण हळू भुंकतं. सगळा गाव कपडे घालून चर्चमध्ये, आणि आमी पत्र्याच्या शेडमध्ये पत्ते कुटत. मला बसवत नाय, तुला माहीत आहे. मी रस्त्याने इकडून तिकडं चालत राहतो. घराघरातून गाणं येतं. कळत एक अक्षर नाय.

माझ्या हळदीचं झालं ते झालं. मी थोडा हात धरला, तू मोठी बसकण मारलीस. पाच पाड्यांचे पाव्हणे बघत होते. मला पण लाज होती की नव्हती? सात महिने झाले बाय. एकदा फोन उचल. नुसतं "बोल" म्हण.

नामा

२४ नोव्हेंबर, रविवार

सावळीबाय,

तुझ्या देवाला ढोल चालतो!

मी डोळ्यांनी बघितलं. दुपारी रस्त्याने फिरत होतो तर आवाज आला. पहिल्यांदा वाटलं आपल्याच छातीत वाजतंय. मग वळणावर चर्च दिसलं, लाकडाचं, वर लाल पत्रा. दारात झुआला उभा होता. झुआला म्हणजे ज्याच्या जागेत आमची शेड आहे तो. त्याला थोडं हिंदी येतं, मला पण थोडंच येतं, म्हणून आमचं जमतं.

मी विचारलं, "अंदर शादी है क्या?"

"चर्च है."

"चर्च में ढोल?"

तो हसला. "ढोल नहीं तो गाना खड़ा कैसे होगा?"

आत घेऊन गेला मला. मागच्या बाकावर बसलो. पुढं एक माणूस बसून ढोल वाजवतो, अख्ख्या लाकडाचा, दोन्ही बाजूला कातडं, काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. गाणं सुरू झालं तसं एकेक जण बाकावरून उठून पुढच्या मोकळ्या जागेत यायला लागला. म्हातारे, पोरी, एक पोलीस. आणि रिंगण धरून नाचायला लागले. खरं सांगतो. पाय जास्त उचलत नाहीत. भाताच्या आवणीच्या चिखलातून पाय सोडवतो ना आपण, तसं हलकं, गुडघ्यातून. हात खांद्याएवढे, तळवे उघडे. डोळे मिटलेले. एकमेकांना धक्का लागत नाय.

मी बघत बसलो आणि मला राग आला. मग माझ्या हळदीला काय झालं होतं गो तुला?

आपल्या पाड्यात ढोलाची पहिली फेरी नवऱ्याची आणि करवलीची. करवली फिरली नाय तर बाकीच्या बाया रिंगणात पाय ठेवत नाहीत. आईच्या मागे मला तू वाढवलंस, करवली दुसरी कोण होणार होती? विठू ढोल्या हात थांबवून बसला होता. मागून कुणीतरी बोलला, "काय रे नाम्या, बहीण भाड्याने आणायची का आता?" सगळे हसले. आणि तू माझ्यासमोर उभी राहून बोललीस, "मी गाणी म्हणीन, टाळ्या वाजवीन, रात्रभर भाकऱ्या थापीन. त्याच्याभोवती फिरणार नाय. आत्ता दारू ओतली त्याच्यावर."

चार थेंब गो. ढोल पुजताना चार थेंब शिंपडतात, आजोबाच्या आजोबापासून. आणि तुमच्या खोपीत तुमी हात वर करून डोलता, गुडघे टेकता, डोळ्यांतून पाणी काढता, ते अंग हलवणं नाय तर काय? देव तोच ना? मग इथं त्याच्या घरात ढोल घुमतो आणि माझ्या अंगणात बाटतो?

म्हणून मी तुला हात धरून रिंगणात आणलं. आणलं म्हणजे आणलं, भाऊ आहे मी. तू गुडघ्यावर बसलीस. मग मी हात सोडून दिला.

हे वाचून तरी उत्तर दे. भांडायला तरी दे.

नामा

१५ डिसेंबर, रविवार

बाय,

रंजिताचा फोन आला होता. फोन लागतो तो फक्त टावरच्या तिसऱ्या टप्प्यावर, म्हणून बायकोशी बोलायला पण मला चढावं लागतं. नेहमीसारखं विचारलं, "बाय फोन उचलते का?" ती नेहमीसारखी "नाय" बोलली. मग पुढं बोलली, "ताईंचा हात छातीच्या वर जात नाय."

मी बोललो, "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला लागतंय? मीच वेणी घालते त्यांची. हळदीच्या चौथ्या दिवसापासून."

आठ महिने माझी बायको तुझी वेणी घालते आणि मला ठाऊक नाय. मी चिडलो. बोललो, "मला सांगितलं का नाय?" तर ती बोलली, "तुमी विचारलंत कधी? तुमी एवढंच विचारता, फोन उचलते का, फोन उचलते का. फोन डाव्या हाताने पण उचलता येतो. त्यांना उचलायचा नाय."

मग सगळं सांगितलं तिने. भात कापायला तू विळा धरला नाहीस, बसून पेंढ्या बांधल्यास, त्या पण मनस्वीला सोबत घेऊन. आठ वर्षांची तुझी पोर ती. हाडवैद्याने खांदा बसवला पण सरळ बसला नाय. आणि रविवारी रंजिता स्वतः तुझ्यासोबत खोपीवर येते असं पण बोलली. आत येत नाय, दारात बसते. सगळ्यांचे हात वर जातात तवा तुझा एकच डावा जातो. उजवा मांडीवर पडलेला असतो. टाळ्यांच्या गाण्याला तू त्या पडलेल्या तळव्यावर डाव्याने थाप मारतेस. रंजिता बोलली, "आवाज वेगळा येतो. सगळ्यांत ओळखू येतो."

फोन कधी बंद झाला मला कळलं नाय.

मला आठवतं त्याप्रमाणे मी डावा हात धरला होता. नक्की सांगता येत नाय. गर्दी होती. तू आधी पण एकदा विहिरीवर पडली होतीस, त्याच खांद्यावर पडली होतीस का? मी आपलं विचारतोय.

काम असं आहे बाय, की बोल्ट डोक्याच्या वर असतात. दिवसभर माझे दोन्ही हात वर. आधी भरून यायचे, आता सवय झाली. या आठवड्यात परत भरून येतात. दादा खालून ओरडला, "नाम्या, प्रार्थना करतोस का काम?" झारखंडची पोरं हसली. मी पाना खाली टाकला. माणसाच्या हातभर बाजूला पडला. दादाने दोन दिवस वर चढू दिलं नाय.

नामा

२६ डिसेंबर

सावळीबाय,

काल इथला मोठा सण होता. गावाने डुकरं कापली, आमच्या गँगला पण जेवायला बोलावलं. लांब बाकं मांडली होती, आमाला त्यांच्यात मिसळून बसवलं, वेगळं नाय. जेवून दुपारी सगळे चर्चमध्ये गेले. दादा आणि पोरं झोपायला गेली. मी एकटा गेलो.

ढोल सुरू झाला. रिंगण झालं. झुआला नाचता नाचता माझ्याकडं बघून हाताने 'ये' बोलला. मी नाय गेलो. पाड्यात ढोल वाजला की पहिला पाय माझा पडायचा, तो मी बाकाला चिकटून बसलो. झुआला पुढं निघून गेला, परत बोलावलं नाय.

पहिल्या बाकावर एक म्हातारी होती. थांगी नाव. झुआलाची मावशी. तिचा मुलगा तीन वर्षांमागे दरड कोसळून गेला. ढोल तिच्यापासून हातभर. सगळा गाव तिच्यासमोरून नाचत जात होता, लेकरं, सुना, सगळे. ती मांडीवर हात ठेवून बसलेली. डोळे उघडे. नाचणारे तिच्यापाशी आले की थोडे वळून जायचे, ओढ्यातलं पाणी दगडाला वळतं तसे. कुणी खुणावत नाय, कुणी कुजबुजत नाय.

बाहेर आल्यावर मी झुआलाला विचारलं, "मौसी को कोई बुलाता क्यों नहीं?"

त्याला प्रश्नच कळला नाय. मी परत विचारलं. तो बोलला, "बुलाना क्या? चार कदम है. रास्ता मालूम है उसको."

"और मन नहीं हुआ तो?"

"तो बैठेगी. बेंच उसी का है."

मी शेडमध्ये आलो. पोरं घोरत होती. बसून राहिलो. मग वही घेतली. मागचे तीन कागद जाळून टाक बाय. त्यात मी खोटं लिहिलंय.

उजवाच हात होता. मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मनगटाच्या वर, दोन्ही हातांनी धरला होता मी. सकाळपासून प्यायलो होतो, नुसते ढोलावरचे चार थेंब नव्हते. भाऊजींच्या दारूचा सात वर्षं मार खाल्लास, आणि भावाच्या हळदीत तुला ओढणारा हात पण प्यायलेलाच होता. तू गुडघ्यावर बसलीस तवा मी सोडलं नाय. पाय रोवला आणि खोड उपटतात तसा ओढला. ओला बांबू फाकतो तसा आवाज झाला. मी ऐकला. विठूने पण ऐकला, त्याचा हात ढोलावर थांबला. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

मी मोठ्याने बोललो, "नाटकं करते! वाजव रे विठू!" आणि त्याने वाजवला. मी पहिली फेरी एकट्याने मारली. तुझ्याभोवती. मग बाकीचे आले. तू मधे गुडघ्यावर, डाव्या हाताने उजवा धरून, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होतीस, आणि आमी सगळे तुझ्याभोवती नाचलो. किती वेळ ते मला सांगवत नाय. तुला भाऊजींनी उचलून नेलं तवा गाणं बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. हात ओढणीच्या झोळीत. करवलीचा पाण्याचा करा डाव्या हातात घेऊन माझ्या मागे उभी राहिलीस. कुणीतरी विचारलं, "तुला चालतं का गो हे?" तू बोललीस, "पाणी आहे. भाऊ आहे." मी मागे वळून बघितलं नाय. लग्नात नवऱ्याने वळून बघायचं नसतं, असं मी मनाला सांगितलं. असं काय नसतं.

नवव्या दिवशी मी कमळाकरदादाबरोबर निघालो. सगळ्यांना सांगितलं पैसे चांगले आहेत. पैसे मुरबाडला पण मिळाले असते. तुझी झोळी बघवत नव्हती.

तुझ्या देवाला ढोल चालतो का नाय, हे विचारायला मी कोण? तुला चालत नव्हता. तेवढं पुरे होतं.

इथं दारूबंदी आहे. म्हणून माझी सुटली असं सांगून फुकटचा मोठेपणा घेणार नाय. घरी आल्यावर कळेल.

नामा

११ जानेवारी

सावळीबाय,

तुझा आवाज आला. रंजिताने तिच्या फोनवर भरून पाठवला. तिसऱ्या टप्प्यावर ऐकला, एका हाताने टावर धरून. तीनदा ऐकला. इथं लिहून ठेवतो, कारण या फोनचा भरवसा नाय.

तू बोललीस:

"नामा, चारी कागद आले. जाळले नाहीत. मी वाचले, तुझ्या भाऊजींना दाखवले नाहीत. शहापूरच्या डॉक्टरकडं जाते मी, सरळगाववरून किन्हवलीची गाडी धरून. तो बोलला, भिंतीला बोटं लावायची आणि मुंगीसारखी वर चालवायची. जिथं थांबतील तिथं मनस्वी कोळशाने रेघ मारते. खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत आलीय. दुखतं. खोपीत प्रार्थना घेणारे ब्रदर बोलतात, भावाला माफ केलं असं तोंडाने बोल, मग मन मागून येतं. मी तसं करून बघितलं. रोज प्रार्थनेत बोलायला घेते आणि अर्ध्यावर थांबते. खोटं बोलायला मी तिथं जात नाय. ये असं मी म्हणत नाय. नको येऊ असं पण म्हणत नाय. इथं थंडी आहे. अंगावर घालायला आहे का तुला?"

मग मागे मनस्वी काहीतरी बोलली आणि संपलं.

आहे बाय. झुआलाने जुना कोट दिलाय. बाह्या आखूड आहेत.

मी येतो. सुमोने सिलचर, पुढं गुवाहाटी, तिथून गाडी कल्याणला. टोकावड्याला उतरेन तवा आठ दिवस झाले असतील. आधी रंजिताकडं जाईन. तुझ्या घरी येऊन पाया पडणार नाय. पाया पडलो तर तुला वाकून मला उठवावं लागेल, चार माणसं बघत असतील, आणि ते पण एक ओढणंच झालं. "माफ कर" असं पण समोर येऊन बोलणार नाय. बोललो की तुला उत्तर द्यावं लागतं.

रविवारी तुमच्या खोपीच्या बाहेर बसेन. दारात रंजिता असते, तिच्यापासून थोडं लांब, जांभळाखाली. आत काय चाललंय ते वाकून बघणार नाय. ऐकू येईल तेवढं ऐकेन. प्रार्थना सुटली की तू तुझ्या वाटेने जा. माझ्याकडं बघायचं नसेल तर बघू नको. मी मागून हाक मारणार नाय. पुढच्या रविवारी परत बसेन.

आणि ते अर्ध्यावर थांबतेस ना, ते माझ्यासाठी पुरं करू नको. ब्रदरला सांग, भाऊच नको बोललाय.

दादाला आज सांगितलं, मी जातो. आधी त्याने आईवरून, मग बापावरून शिव्या दिल्या. मग चहा पाजला. विचारलं, "तिकडं जाऊन काय काम करणार?"

मी बोललो, "बसणार."

"तू? बसणार?" तो हसायला लागला. "किती दिवस?"

मी कप विसळून ठेवला. ते मला ठरवायचं नाय.

नामा